स्टार्टरपासून पायथॉनपर्यंत

तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन मेंटेनन्स सांभाळतात. त्यांतल्या कुणाला प्रोग्रामिंगकडे वळायचं असेल, तर ‘आधीचं विसर, कोरी पाटी घे’ असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. जे हाताला येतं, तिथूनच सुरुवात करावी.

विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर घ्या. हिरवं बटण दाबलं की कॉइलला सप्लाय मिळतो, कॉन्टॅक्टर ओढला जातो, मोटर फिरते. बोट काढलं तरी ती चालूच राहते, कारण हिरव्या बटणाला पॅरललमध्ये कॉन्टॅक्टरचाच एक होल्डिंग कॉन्टॅक्ट असतो. लाल बटण सिरीजमध्ये. ते दाबलं की कॉइलचा सप्लाय तुटतो. आता हेच लिहून काढा: मोटर = (स्टार्ट किंवा मोटर) आणि स्टॉप दाबलेलं नाही. पॅरलल म्हणजे ‘किंवा’, सिरीज म्हणजे ‘आणि’. उजवीकडे ‘मोटर’ पुन्हा आली, ती मोटरची क्षणापूर्वीची स्थिती. प्रोग्राममधलं व्हेरिएबल हेच काम करतं: आधीचं लक्षात ठेवतं.

कारखान्यात मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे पीएलसी, हे वाक्य सतत तपासतो. इनपुट वाचायचे, प्रोग्राम वरून खाली चालवायचा, आउटपुट बदलायचे, की काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिल्यापासून. इथे एक बारकावा आहे. लाल बटण नॉर्मली क्लोज्ड असतं, म्हणून न दाबताच त्याचा इनपुट १ येतो. वायर तुटली तर ० होऊन मोटर थांबते. निव्वळ कॉम्प्युटर शिकून आलेला मुलगा इथे हमखास गोंधळतो. इलेक्ट्रिशियन गोंधळत नाही, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६११३१-३, १९९३ मध्ये आलं. त्यात सर्किटच्या आकृतीसारख्या लॅडरसोबत मजकुरात लिहायचं स्ट्रक्चर्ड टेक्स्टही आहे. वरचं वाक्य त्यात जवळपास तसंच टाइप करता येतं. कोडेसिस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्यात पीएलसी नसतानाही प्रोग्राम चालवून पाहता येतो. लॅडर येत असेल तर तोच प्रोग्राम टेक्स्टमध्ये लिहून पाहा.

मग पायथॉन. खरी नवी मेहनत इथे आहे, आणि घाई केली तर शिकणं इथेच सुटून जातं. लिस्ट, लूप, फंक्शन, फाइल वाचणं, केलेले बदल गिटमध्ये नोंदवणं. सरावाला कामावरचाच प्रश्न घ्या: मशीन कधी, किती वेळ, कशामुळे बंद पडलं याची फाइल वाचून महिन्याचा हिशेब काढणारा प्रोग्राम. पुढे मॉडबसवरून, म्हणजे मशीन आणि मीटर ज्या प्रोटोकॉलने डेटा देतात त्यावरून, मीटरचं रीडिंग थेट घ्या. मॉडबस १९७९ पासून आहे आणि पायथॉनमध्ये त्याच्या तयार लायब्ररी मिळतात. कारखान्याचा डेटा वापरण्याआधी परवानगी मात्र घ्या, आणि चालू मशीनवर प्रयोग करू नका.

पदवी नाही म्हणून हिंजवडीतल्या बऱ्याच आयटी कंपन्या अर्जच पाहत नाहीत. हे कटू असलं तरी धरून चालावं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. तोवर नोकरी सोडू नये. ऑटोमेशनची कामं करणाऱ्या छोट्या कंपन्यांत पॅनेल आणि कोड दोन्ही कळणारा माणूस लागतो. पहिला अर्ज तिथे करावा, आणि सोबत तो महिन्याच्या हिशेबाचा प्रोग्राम नमुन्याच्या आकड्यांवर चालवून दाखवावा.