संधिप्रकाश आणि धनुष्याचा नेमदर्शक

अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासाने सुरू होते व सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. हरणांचा वावर याच संधिप्रकाशात अधिक असल्याने, धनुष्यावरील नेमदर्शक जितका तेजस्वी तितका उत्तम, असा समज रूढ आहे. तो अर्धसत्य होय.

नेमदर्शकाच्या पिनेत बसविलेला प्रकाशतंतू आपल्या लांबीभर पडलेला उजेड टिपून टोकाशी एकवटतो. सबब लांब तंतू मंद प्रकाशातही उजळ दिसतो. जाड पिन ठळक असते; परंतु 0.029 इंची पिन 0.019 इंची पिनेपेक्षा लक्ष्याचा सुमारे दीडपट रुंद भाग झाकते. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने 1825 मध्ये वर्णिल्याप्रमाणे, उजेड ओसरू लागता तांबडा रंग आधी काळवंडतो. म्हणून हिरवी पिन बहुधा श्रेयस्कर ठरते. प्रत्यंचेत बसविलेल्या ज्या छिद्रातून नेम धरावयाचा, ते लहान असल्यास डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश घटतो. मोठ्या छिद्राने अचूकता किंचित उणावते, पण दृश्य उजळते.

पिनेवर विद्युद्दीपही बसविता येतो. तथापि काही राज्यांचे नियम त्यावर निर्बंध घालतात. शिवाय दीप प्रखर असल्यास पिन दिसते आणि प्राणी दिसेनासा होतो.

तात्पर्य, पिन आणि प्राण्याची बाह्यरेषा ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसावीत, हीच निवडीची कसोटी होय. बाह्यरेषा पुसट होताच धनुष्य उतरविणे प्राप्त आहे. कारण चुकलेला बाण प्राण्यास घायाळ करून अंधारात सोडतो.