६१७४ : ऐकीव आणि खरं

चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करायचे आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचं. शेवटी ६१७४ येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा हा १९४०च्या दशकातला शोध.

हे सगळ्याच चार अंकी संख्यांना लागू पडतं असं सांगितलं जातं, ते चूक. ११११ किंवा ७७७७ पहिल्याच वजाबाकीत शून्य होतात. चारही अंक सारखे नसतील तर मात्र ६१७४ चुकत नाही, फक्त पुढचं शून्य गाळायचं नाही. २१११ − १११२ = ०९९९. इथे नुसतं ९९९ लिहिलं की पुढे शून्यच हाती येतं. ९९९० − ०९९९ असं मांडलं, तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४.

किती वजाबाक्या लागतील याला अंत नाही, हाही गैरसमजच. सातच्या वर कधीच लागत नाहीत. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घ्या : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुरत्या सात!

सर्वांत घट्ट बसलेला समज म्हणजे यामागे काही गूढ आहे, किंवा ते तपासायला संगणक लागतो. मला हा समज खटकतो, कारण त्यामुळे यातला सर्वांत सुंदर भाग नजरेआड होतो. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ धरा. वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढंच येतं. म्हणजे मूळ अंक कोणते होते याला महत्त्व उरत नाही. टोकाच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक, एवढंच उरतं. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा ० पासून पहिल्याइतका, म्हणून जोड्या फक्त ५४. पहिल्या वजाबाकीनंतर हजारो संख्या या ५४ उत्तरांत गोळा होतात. तेवढी कागदावर तपासली की सिद्धता पुरी. आठवीतल्या मुलीला एका दुपारी जमेल. फरक ६ आणि २ असले की ५९९४ + १८० = ६१७४.

इतर लांबीच्या संख्यांचंही असंच होतं का? तीन अंकी संख्या ४९५वर थांबतात. दोन अंकी मात्र ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९ अशा फिरत राहतात. पाच अंकींना थांबाच नाही, आणि सहा अंकींना दोन आहेत : ५४९९४५ आणि ६३१७६४.

शेवटचा घोटाळा नावाचा. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक आहे, कापरेकर संख्या नाही. कापरेकर संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत येते : ४५चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ६१७४चा वर्ग ३८११८२७६. तो कुठेही तोडा, बेरीज जुळत नाही. कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांत मात्र ती बसते. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ने भागलं की बाकी न उरता ३४३ येतात.