मधुमेह आणि रोजा

विद्यार्थी मित्रांनो, रमजानमध्ये तुमच्या घरी सहरीला सर्वांत आधी कोण उठते? आमच्या घरी अब्बा उठत. त्यांना मधुमेह होता. एके दिवशी असरच्या नमाजनंतर त्यांचे हात थरथरू लागले. कपाळावर घाम आला. "काही नाही, ऊन लागले," ते म्हणाले. पण ते ऊन नव्हते. त्यांच्या रक्तातील साखर कमी झाली होती. आम्ही साखरपाणी दिले, तर त्यांनी पेला दूर सारला. अम्मींनी खूप समजावले, तेव्हा कुठे त्यांनी ते घेतले.

असे का होते? अन्नातून मिळणारी साखर रक्तात मिसळते. रोजाच्या वेळी शरीर यकृतातील साठा वापरते. निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही. पण मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन उपाशीपोटीही साखर कमी करत राहतात. उलट, इफ्तारला एकदम गोड व तळलेले खाल्ले, की साखर झपाट्याने वाढते. म्हणजे धोका दोन्हीकडून असतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात रोजा हिवाळ्यात सुमारे बारा तासांचा, तर उन्हाळ्यात चौदा तासांहून मोठा असतो. २०१८ साली रमजान मे-जूनच्या कडक उन्हात आला होता. २०२६ साली तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. म्हणून रोजांची तयारी दरवर्षी नव्याने करावी लागते. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. औषधाची वेळ व मात्रा तेच ठरवतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

सहरी कधीही चुकवू नये. ती शेवटच्या वेळेच्या थोडी आधी करावी. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, दही किंवा अंडे असा आहार हळूहळू पचतो आणि बराच वेळ पुरतो.

इफ्तारला एक-दोन खजूर व साधे पाणी पुरे. सरबत, भजी, समोसे यांना आवर घालावा. जेवताना अर्धे ताट भाज्या व कोशिंबीर, पाव ताट डाळ, अंडी किंवा मांस आणि पाव ताट भाकरी किंवा भात असावा. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहावे.

दिवसातून काही वेळा रक्तातील साखर तपासावी. बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. साखर ७० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त झाली, तर लगेच रोजा तोडावा. मगरिबला थोडाच वेळ उरला असला, तरी थांबू नये. साखर कमी असेल, तर साखरपाणी द्यावे. जास्त असेल, तर पाणी द्यावे व डॉक्टरांकडे न्यावे.

मित्रांनो, आजारी माणसाला रोजे पुढे पूर्ण करण्याची मुभा कुरआनातील सूरह बकरामध्ये दिली आहे. ही सवलत अल्लाहची आहे. ती घेण्यात लाज कसली? तुमच्या दादाजानांना किंवा नानींना मधुमेह असेल, तर डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलेल्या सूचना तुम्ही त्यांना वाचून दाखवा. दुपारनंतर त्यांच्याजवळ बसा. हात थरथरताना दिसले, तर गप्प राहू नका.

स्वाध्याय
१. अब्बांचे हात का थरथरत होते?
२. सहरीला कोणते पदार्थ खावेत?
३. रोजा लगेच केव्हा तोडावा?