शाळेची मुलाखत झाली. आता आभाराचे पत्र पाठवायचे का?

नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो : ‘इंटरॅक्शन’हून घरी आलात की प्रिन्सिपलना थँक्यू मेल टाका, सीट पक्की होते. अमेरिकेतल्या खासगी शाळांत अशी पत्रे पाठवण्याची रीत आहे, आपल्याकडे नोकरीच्या मुलाखतींतही ती रुळली आहे. पण तळेगाव, कामशेत किंवा लोणावळ्यात मुलाला शाळेत घालताना या पत्राचे वजन किती, हे कायदा वाचल्याशिवाय कळत नाही.

गैरसमज १ : चांगले पत्र लिहिले की निवडीची शक्यता वाढते.

वस्तुस्थिती : पहिली ते आठवीसाठी निवडीची मुलाखतच कायद्याला मान्य नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. चाळणी लावणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सोडतीसारख्या, कुणाच्या मर्जीवर न चालणाऱ्या पद्धतीखेरीज एका मुलाला डावलून दुसऱ्याला घेणे म्हणजे चाळणीच, अशी कायद्याची व्याख्या आहे. तुमच्या सुरेख पत्रामुळे खरोखरच जागा मिळाली, तर तीही चाळणीच ठरेल.

गैरसमज २ : हा नियम फक्त ‘आरटीई’च्या २५ टक्के जागांना आहे.

वस्तुस्थिती : २५ टक्के जागांची सोडत ऑनलाइन निघते, म्हणून तेवढीच लक्षात राहते. परंतु केंद्र सरकारने २३ नोव्हेंबर २०१० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार या जागांतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही मुलांची चाचणी किंवा मुलाखत घ्यायची नाही. आईवडील किती शिकलेले आहेत यावरून मुलाला मापायलाही त्यात मनाई आहे. त्यामुळे हॉटेलात काम करणाऱ्या बापाने इंग्रजी अडखळते म्हणून मुख्याध्यापकांसमोर घाम पुसण्याचे काही कारण नाही.

गैरसमज ३ : म्हणजे सगळ्याच मुलाखती बेकायदा आहेत.

वस्तुस्थिती : तसेही नाही. कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा आहे. नर्सरी आणि केजीला चाळणीची ही बंदी लागू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत लेखी परीक्षेनंतर रीतसर मुलाखत होते. तिथेही गुण उत्तरांना मिळतात, नंतरच्या पत्राला नाही.

याउलट, लोणावळ्यातल्या आयएनएस शिवाजीच्या केंद्रीय विद्यालयात पहिलीचे प्रवेश प्राधान्यक्रम आणि सोडतीने होतात. नवोदय विद्यालयासाठी लेखी परीक्षा असते, साताऱ्याच्या सैनिक शाळेसाठी लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. मुलाखतच नाही, तर आभार कशाचे?

गैरसमज ४ : पत्र इंग्रजीत आणि भारदस्त हवे.

वस्तुस्थिती : कुणी वेळ काढून शाळा दाखवली असेल, तर आभार जरूर मानावेत; ती साधी रीतभात आहे. चार ओळी मराठीत पुरतात. उदाहरणार्थ : ‘आदरणीय बाई, सोमवारी आपण आमच्याशी निवांत बोललात, वर्ग आणि वाचनालय दाखवलेत, त्याबद्दल आभार. शाळेची बस पवनानगरपर्यंत येते का आणि वर्षाची एकूण फी किती, हे कळवलेत तर आम्हाला ठरवणे सोपे जाईल.’ आपला मुलगा किती हुशार आहे, याची यादी इथे नको. साहेबांची ओळख तर मुळीच नको.

गैरसमज ५ : पत्रासोबत चिक्कीचा डबा दिला तर काय बिघडते?

वस्तुस्थिती : प्रवेशाचा निर्णय बाकी असताना दिलेली भेट नुसती भेट राहत नाही. अनुदानित शाळेतले कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत लोकसेवक ठरतात. डोनेशनची गोष्ट तर आणखी गंभीर. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर १९८७ पासून बंदी आहे आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेश झाल्यावर पेढे वाटायचे असतील, तर ते मुलाच्या वर्गात वाटावेत.

गैरसमज ६ : एकदा आभार मानले की तक्रार करता येत नाही.

वस्तुस्थिती : सौजन्य दाखवले म्हणून हक्क संपत नाही. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाखत घेऊन नकार दिला असेल, तर तारीख, विचारलेले प्रश्न आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवा. वडगाव मावळच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. प्रवेशाच्या वेळी कुठली चार ओळींची चिठ्ठी सर्वांत उपयोगी, असे विचाराल तर ती ही पोच मिळालेली.