चौकोन ढळतो, त्रिकोण ढळत नाही

अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्यात टेल्कोत असताना १९७८ मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे मुलांचेच झाले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा आगपेटीच्या काड्यांचा खेळ तर केवळ अप्रतिम! सायकलच्या व्हॉल्व ट्यूबच्या तुकड्यांनी चार काड्या जोडा. चौकोन बोटाने दाबताच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनीच का विणतात, ते पोराला हाताने कळतं. सणाला आपल्या गावी, म्हसवडला येणाऱ्या इंजिनिअर मंडळींनी गावच्या शाळेत एवढा एक तास जरूर घ्यावा. सामान सायकल दुरुस्तीच्या आणि किराणा दुकानात मिळतं.