शिट्टी हाती घेण्यापूर्वी : अमेरिकेत व्हॉलीबॉल प्रशिक्षक होण्याची वाट

अमेरिकेतील माध्यमिक शाळांमधून चार लाखांहून अधिक मुली व्हॉलीबॉल खेळतात. मुलींच्या खेळांत सहभागाच्या दृष्टीने ॲथलेटिक्सच्या खालोखाल याच खेळाचा क्रमांक लागतो. शाळेबाहेर क्लबांचे जाळे आहे ते निराळेच. या क्लबांना प्रशिक्षक सतत हवे असतात. त्यामुळे एखाद्या मराठी मुलीचे वडील किंवा आई एकेकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळत असत हे कळताच, ‘सहायक प्रशिक्षक म्हणून याल का?’ अशी विचारणा होणे स्वाभाविक आहे. त्यापाठोपाठ येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी पात्रता कोणती लागते? अमेरिकेत व्हॉलीबॉल प्रशिक्षकाचा असा एकच राष्ट्रीय परवाना अस्तित्वात नाही.

भारतात वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. तिकडे प्रशिक्षक म्हटला की पतियाळा डोळ्यांसमोर येते. मोतीबाग राजवाड्यात १९६१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, किंवा निदान तिचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, ही तेथील सर्वमान्य मोहोर. शाळांतील शिक्षकांसाठी शारीरिक शिक्षणाच्या पदवीची वाट आहेच; अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी महाराष्ट्रात ती रुजवली. या साऱ्या शिक्षणाचा आरंभ खेळापासून होतो. आधी कौशल्य, मग शरीरशास्त्र, मग अध्यापन.

अमेरिकेत हा क्रम उलटा आहे. येथे पहिला प्रश्न ‘तुम्हाला काय येते?’ हा नसून ‘तुमच्या हाती मुले सोपवता येतील का?’ हा आहे. त्यामागे कटू इतिहास आहे. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने शेकडो मुलींचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाल्यावर देश हादरला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यासंबंधीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. डेन्व्हर येथील ‘सेफस्पोर्ट’ केंद्राने त्याच्या आदल्या वर्षीच काम सुरू केले होते. त्याला या कायद्याने अधिकार मिळाले. व्हॉलीबॉलची राष्ट्रीय संघटना ‘यूएसए व्हॉलीबॉल’ हिच्या छत्राखालील क्लबात प्रशिक्षक व्हायचे, तर संघटनेचे सभासदत्व, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि सेफस्पोर्टचे ऑनलाइन प्रशिक्षण या तीन गोष्टी चुकत नाहीत. तपासणीची मुदत संपते, प्रशिक्षणाची उजळणी करावी लागते. पतियाळाची पदविका भिंतीवर टांगलेली असली तरी यातून सूट नाही.

हे प्रशिक्षण म्हणजे केवळ टिकमार्क करण्याचा उपचार समजणारे पुढे अडचणीत येतात, कारण त्यातील नियम रोजच्या वागण्याला भिडणारे आहेत. तेरा वर्षांच्या खेळाडूला ‘उद्या लवकर ये’ असा व्हॉट्सॲप संदेश परस्पर पाठवता येत नाही. त्यात पालक किंवा दुसरी प्रौढ व्यक्ती असावी लागते. एकट्या मुलीशी बोलायचे तर दुसऱ्यांना दिसेल आणि मध्येच येता येईल अशा जागी. संघाच्या प्रवासात एकट्या मुलीला आपल्या गाडीतून नेण्याआधी तिच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. मराठी मंडळींत एकमेकांच्या मुलांना काका-मावशीच्या नात्याने सहज ने-आण करण्याची रीत आहे. प्रशिक्षकाची भूमिका पत्करली की त्या सहजतेला मुरड घालावी लागते. बालशोषणाचा वाजवी संशय आल्यास चोवीस तासांच्या आत पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवणे ही तर प्रशिक्षकाची कायदेशीर जबाबदारीच आहे. ‘क्लबच्या संचालकांच्या कानावर घातले’ एवढ्याने ती संपत नाही.

यानंतर खेळ. नवख्या प्रशिक्षकांसाठीचा प्राथमिक वर्ग अनेक वर्षे ‘इम्पॅक्ट’ या नावाने ओळखला जात असे, आणि त्यावरच्या चढत्या पायऱ्या ‘कॅप’ या नावाने. पुढे संघटनेने या शिक्षणाची फेररचना केली. नावे बदलली, पायऱ्यांची कल्पना टिकली. खालची पायरी थोड्या तासांत ओलांडता येते. वरच्या पायऱ्यांवर मात्र अनुभव आणि दीर्घ अभ्यास लागतो.

या वर्गांत भारतात घडलेल्या खेळाडूला खरा धक्का बसतो तो सरावाच्या पद्धतीचा. भिंतीवर शंभर वेळा चेंडू मारणे, रांगेत उभे राहून एकामागून एक स्मॅश करणे, ही आपली ओळखीची तालीम. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील प्राध्यापक कार्ल मॅकगाऊन यांच्यासारख्यांनी कौशल्य-संपादनाच्या शास्त्राच्या आधारे ती मोडीत काढली. एकच हालचाल घोटून सरावात सफाई येते, पण सामन्यात ती टिकेलच असे नाही. म्हणून जाळीपलीकडून येणारा चेंडू, समोरचा ब्लॉक आणि घ्यावा लागणारा निर्णय हे सारे सरावातच असावे, असा हा विचार. १९९०च्या दशकात खेळणे सोडलेल्यांना आणखी एक उजळणी हवी. लिबेरो हा खेळाडू १९९८ साली आला आणि त्याच सुमारास सर्व्हिस आपली नसतानाही गुण मिळू लागला. ‘बूस्टर’ हा आपला जुना शब्द येथे कोणाला कळणार नाही, तो भाग वेगळा.

शाळेच्या संघांची व्यवस्था याहून स्वतंत्र आहे. तेथे राज्यागणिक नियम बदलतात. बहुतेक ठिकाणी माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय महासंघाचा प्रशिक्षणाच्या मूलतत्त्वांचा ऑनलाइन वर्ग, डोक्याच्या दुखापतीविषयीचे प्रशिक्षण आणि प्रथमोपचार यांचा आग्रह धरला जातो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे अनेक देशांत वजन राखून आहेत आणि चेन्नईच्या विकास केंद्रातही असे वर्ग भरत आले आहेत. परंतु गावच्या क्लबात बारा वर्षांखालील मुलींना शिकवण्यासाठी त्यांची गरज नाही.

एच-१बी व्हिसावरील व्यक्तींनी मात्र एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. हा व्हिसा ज्या मालकासाठी मंजूर झाला त्याच्यापुरताच असतो. क्लबने हंगामाअखेर दिलेले लहानसे मानधनही मोबदला ठरू शकते आणि परवानगीविना केलेले काम पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात आडवे येऊ शकते. काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-४ धारकांनाही हेच लागू आहे. विनावेतन काम करायचे असले, तरी संस्था ना-नफा असावी आणि ते पद मुळातच स्वयंसेवकाचे असावे. एरवी पगारी असलेले पद फुकट सांभाळणे म्हणजे स्वयंसेवा नव्हे. क्लबशी करार करण्यापूर्वी तो इमिग्रेशन वकिलाला दाखवावा आणि मानधनाचे कलम असल्यास सही करण्याआधीच त्याविषयी विचारावे.