स्वस्त कॅमेरा निवडताना

भिवंडीच्या यंत्रमाग शेडमध्ये उजेड बेताचा, आणि धोटा क्षणभर थांबत नाही. त्याचे छायाचित्र घ्यायचे आहे. मेगापिक्सेल किती हवेत? आठ बाय दहा इंचांच्या प्रतीला, इंचाला 300 पिक्सेल धरून, 72 लाख पुरतात. म्हणजे जेमतेम 7.2 मेगापिक्सेल! पाहायचे ते संवेदकाचे क्षेत्रफळ. खिशातल्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत तो 6.2 × 4.6 मिलिमीटरचा, जणू हरभऱ्याची डाळ. 2008 मध्ये आलेल्या निकॉन डी-90 मध्ये 23.6 × 15.8, क्षेत्रफळ सुमारे 13 पट. पावसात परात आणि वाटी ठेवा, पाणी कशात जास्त साचेल? प्रकाशाचेही तसेच. म्हणून 1/500 सेकंदात टिपलेला धोटाही कमी दाणेदार येतो. असा जुना कॅमेरा घेताना छिद्र लहान करून पांढऱ्या भिंतीची दोन-तीन छायाचित्रे काढा. प्रत्येकात त्याच जागी डाग दिसला, तर संवेदकावर धूळ आहे.